गळ्यावरचा पदर

मी कुंभार पिंपळगावच्या दवाखान्यात नर्स होते, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातून घरी पाठवलेल्या नाजूक लेकरांचं बघायचं काम माझ्याकडे आलं. कुणाच्या नाकात नळी, कुणाला आकडी. औरंगाबादला ऑपरेशन व्हायचं, पण गावात आल्यावर पुढं काय, ते आईबापांना कुणी सांगायचं नाही. जालन्याचं ऑफिस, आमचे डॉक्टर, अंगणवाडीच्या बाई, जीपवाला, सगळ्यांना गाठून मी जुळवाजुळव करायची. हे काम कुठल्याच कागदावर नव्हतं. केलं नसतं तरी कुणी विचारलं नसतं.

त्यात चार वर्षांची एक मुलगी होती. श्वासाची वाट आकसली म्हणून गळ्याला भोक पाडून तिथं नळी बसवलेली. बाप मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरतीवर, आई लेकीपाशी. नळीत कफ अडकला की मुलगी निळी पडायची. तिचा आवाज गेलेलाच होता, त्यामुळं रडलेलंही ऐकू यायचं नाही. आईनं सतत बघत राहायचं, आणि सिरिंजला रबरी नळी लावून कफ ओढायचा. मी तिला दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तिनंच मला करून दाखवलं, माझ्याहून हलक्या हातानं.

पायानं दाबून चालणारं कफ ओढायचं मशीन मी तिच्यासाठी मागवलं. अर्ज परत आला, पुन्हा दिला. कितीतरी महिन्यांनी कळलं की मशीन येऊन घनसावंगीला तालुक्याच्या ऑफिसात कपाटात पडलंय. घ्यायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, "कार्यक्रमात द्यायचंय. पाहुण्यांच्या हस्ते."

"साहेब, त्या लेकराला धुळीत आणणं बरं नाही. मी सही करून नेते."

"लाभार्थी हजर पाहिजे, सिस्टर. जमत नसेल तर दुसऱ्या तालुक्याला देऊन टाकू."

मी हे आईला सांगितलं. तिनं नाही म्हणावं असं मला मनातून वाटत होतं, म्हणजे माझ्यावर काही आलं नसतं.

"मशीन भेटत असंल तर जाऊ की, बाई," ती म्हणाली.

उन्हाळ्याचे दिवस. जीपमध्ये तिनं मुलीच्या गळ्यासमोर ओलं फडकं धरलं होतं, नळीला टेकू न देता, पूर्ण रस्ताभर. अकराचा कार्यक्रम, दोन वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. मांडवात माणसांच्या पायांनी माती उडत होती. मुलगी निळी पडायला लागली, तशी आम्ही तिला घेऊन मांडवामागं गेलो. सिरिंज अडकली, दट्ट्या हलेना. मी पिशवीत दुसरी शोधत होते, तोवर आईनं रबरी नळीचं एक टोक मुलीच्या गळ्यात घालून दुसरं आपल्याच तोंडात धरलं, कफ ओढला आणि बाजूला थुंकली. पुन्हा ओढला. मुलीचा रंग परत आला. आई तोंड पुसत होती, तेवढ्यात माईकवर आमचं बोलावणं झालं.

स्टेजवर पाहुण्यांनी मशीनला हात लावला. फोटोवाला थांबला आणि म्हणाला, "ते गळ्याचं दिसून राह्यलं. झाका जरा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढं झाले आणि आईचा पदर घेऊन मुलीच्या गळ्यावर धरला. तिचा श्वास जिथून चालायचा, बरोबर तिथं. पंधरा वर्षांची नोकरी झालेली नर्स मी. दोन फोटो निघाले असतील, तेवढ्यात आईनं माझा हात बाजूला केला.

"बाई, तुमी बी?" ती हळू म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये तिनं पुन्हा ओलं फडकं धरलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. मशीन चांगलं चाललं. मुलगी त्यावर दीड वर्ष काढून निमोनियानं गेली. मी भेटायला गेले, तेव्हा आई अंगणात मशीनची बाटली उकळत्या पाण्यानं धुवत होती.

महिनाभरात ऑफिसचं पत्र आलं: लाभार्थी मयत, मशीन सर्व भागांसह जमा करावे. तीर्थपुरीजवळ तसंच नळी लावलेलं दुसरं लेकरू होतं, त्याचा अर्ज माझ्याच हातानं गेलेला आणि पडून राहिलेला. मी आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"मंग तिकडंच द्या," ती म्हणाली. "हापिसात कशाला?"

"तुझी लेक आत्ताच गेली. तू येऊ नको, मी पोचवते."

"तुमाला न्हाई येत ते बराबर. मी येते."

ती आली. त्या अनोळखी बाईच्या शेजारी जमिनीवर बसून तिनं नळी किती आत घालायची, पाय किती दाबायचा, लेकराच्या ओठांकडं कसं बघायचं, सगळं शिकवलं. त्या बाईला नळी आत घालवेना, तर हिनं तिचे हात धरून ती घातली. तुझं लेकरू कुठंय, असं त्या बाईनं विचारलं.

"घरी हाय," ती म्हणाली.

मशीन ऑफिसात जमा केलं नाही म्हणून मला मेमो मिळाला, नंतर एक वर्षाची पगारवाढ थांबली. कार्यक्रमातला तो फोटो ऑफिसच्या भिंतीवर बरीच वर्षं होता. त्यात मुलीचा गळा दिसत नाही, माझा हात दिसतो.