मंगलची झोप

सुरुवातीलाच सांगून टाकतो, भूतखेत, बाहेरचं, लागीर असलं काही मी मानत नाही. ‘मानत नव्हतो’ असं लिहायला पाहिजे का, ते अजून माझं ठरलेलं नाही. एकवीस वर्षं बुऱ्हाणपुरातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवतोय. स्टाफरूममध्ये कोणी असे किस्से सुरू केले की मी वह्या तपासायला घेतो. इथे लोक टाकतात ते अनुभव पण वाचायचो ते हसायलाच. त्यामुळे हे लिहायला इतके महिने लागले. बायकोला विचारून लिहितोय. ती म्हणाली, “लिहा, पण नाव बदला.” म्हणून इथे ती मंगल.

आम्ही गावातल्या इतवारा भागात राहतो, पहिल्या मजल्यावर. खाली कापडाचं दुकान, मागच्या गल्लीत पॉवरलूम. घर लांबुळकं आहे... रस्त्याच्या बाजूला आमची झोपायची खोली, मधल्या खोलीत आई, आणि शेवटी स्वयंपाकघर. आमचा पलंग भिंतीला अगदी चिकटून. मंगल भिंतीकडे झोपायची, मी बाहेरच्या बाजूला. रात्री उठायचं झालं तर ती पायथ्याकडून सरकत उतरायची, मला जाग येऊ नये म्हणून. तशीही मला झोपल्यावर सहज जाग येत नसे.

मागच्या वर्षी आमची एकुलती एक मुलगी कॉलेजसाठी इंदूरला गेली आणि मंगलची झोप गेली. आधी वाटलं, पोरीची आठवण येत असेल, होईल ठीक. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मग आईने सूत्रं हातात घेतली. आईकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. सहाणेवर जायफळ उगाळून कोमट दुधात. नाही लागू पडलं. खसखशीची खीर केली... ती मीच जास्त खाल्ली. डोक्याला ब्राह्मीचं तेल, रात्री पायावर गरम पाणी, उशीची दिशा बदलून दक्षिणेकडे. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची, असंही आई म्हणाली, पण दुसऱ्याने घासावी लागते. आईचे गुडघे दुखतात, आणि मी... मी म्हणालो, “उद्या करू.” तो उद्या बरेच दिवस आला नाही.

कारण खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणंच पटत नव्हतं.

ती सकाळी डोळे लाल करून चहा ठेवायची आणि म्हणायची, “आज पण डोळ्याला डोळा नाही लागला. एक वाजल्यापासून किचनमध्ये बसली होती.”

आणि मी रात्री जेव्हा जेव्हा कूस बदलली, तेव्हा ती माझ्या बाजूला झोपलेली असायची! भिंतीकडे तोंड, वेणी उशीवर, एका लयीत श्वास. कधी कधी बारीक घोरायची सुद्धा. एकदा तर तिचा हात माझ्या छातीवर पडला होता, तो मी उचलून बाजूला ठेवला.

“अगं, तू घोरत होतीस,” मी म्हणायचो.

“मी?”

“मग काय मी? माझ्या कानाने ऐकलं.”

मंगल लहानपणापासून कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, तिथे तीन शिफ्टचा भोंगा आणि सगळीकडे हिंदी. रागावली की हिंदी येतं तोंडात. “मला पागल समजताय का तुम्ही? पूरी रात जागी असते मी. तुम्ही ढाराढूर झोपता, तुम्हाला काय समजणार?”

दोन महिन्यांत तिचं वजन उतरलं. स्कूटी चालवणं तिने स्वतःच बंद केलं, कारण एकदा राजपुऱ्याच्या वळणावर क्षणभर डोळे मिटले आणि समोर हातगाडी आली. एका सकाळी पोळी उलटताना सरळ तापलेल्या तव्यावर तळहात टेकला. हे सगळं मी बघत होतो. तरी माझं एकच, की मी तुला झोपलेली पाहतो.

शेवटी डॉक्टरकडे गेलो. मी आधीच त्यांना सांगून टाकलं, “सर, ही झोपते. मी साक्षीदार आहे.” डॉक्टर म्हणाले, असं होतं. काही लोक झोपलेले असतात पण त्यांना वाटतं आपण जागे होतो. चारनंतर चहा बंद, मोबाईल खोलीच्या बाहेर, संध्याकाळी पायी फिरणं. आणि दोघांनी वेगवेगळी नोंद ठेवा. मला इतकं बरं वाटलं सांगू... म्हणजे मीच बरोबर होतो!

मी एक वही केली. बॅटरी उशाशी ठेवून, कूस बदलताना डोळे उघडले की घड्याळ बघायचो. बारा चाळीस, झोपली आहे. दोन दहा, झोपली आहे, भिंतीकडे तोंड. साडेतीन, झोपली आहे. मंगलने तिचं एका कॅलेंडरच्या मागे लिहिलं. चार दिवसांनी आम्ही मधल्या खोलीत बसून दोन्ही समोर ठेवलं.

तिच्याकडे लिहिलेलं होतं, ‘दोन वाजून दहा. आई खोकल्या. पाणी दिलं. आई म्हणाल्या, जायफळ लागू पडलं नाही वाटतं.’

मी वहीतल्या ‘दोन दहा’वर बोट ठेवलं. “हे बघ. तू झोपलेली होतीस.”

आई कॉटवर बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “पाणी तर दिलं रे हिने मला. मीच बोलली जायफळाचं.”

“वेळ चुकली असेल.”

“दोन्ही घड्याळं वही सुरू केली तेव्हाच मिळवली होती तुम्ही,” मंगल म्हणाली.

मला राग आला. आता लाज वाटते लिहायला, पण आईसमोर मी ओरडलो, “नाटकं बंद कर आता! पोरगी गेली म्हणून घर डोक्यावर घेतलंय तू.”

मंगल रडली नाही. कॅलेंडरच्या कागदाची घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाली, “ठीक आहे. मी झोपते तर झोपते. पण मग किचनमध्ये कोण असतं, ते पण एकदा बघून घ्या.”

त्यानंतर तिने मला काही सांगणंच सोडलं. सकाळी विचारलं की “झोपले” म्हणायची. मला वाटलं, डॉक्टरांचा उपाय लागू पडला.

यानंतर आठ-दहा दिवसांनी ती रात्र आली. पॉवरलूम बंद झालेलं, गल्ली शांत. मला जाग आली. सवयीने बॅटरी दाबली, पावणेतीन. मंगल झोपलेली. पाठ माझ्याकडे. ब्राह्मीच्या तेलाचा वास येत होता. पांघरूण खांद्यावरून घसरलं होतं, ते मी वर ओढलं आणि हात तिथेच खांद्यावर राहिला. श्वासाबरोबर खांदा वर-खाली होत होता. ऊब लागत होती हाताला. मी बॅटरी विझवली.

आणि स्वयंपाकघरातून काचेचं काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

पाठोपाठ मंगलचा आवाज, “आई गं!”

मी हललो नाही. माझा हात तिच्या खांद्यावर होता... मी हे पुन्हा लिहितो, माझा हात तिच्या खांद्यावर होता.

मग मधल्या खोलीतून आई ओरडली, “अरे सुधीर, उठ! मंगलच्या पायात काच घुसली!”

आणि स्वयंपाकघरातून पुन्हा, “अहो... या ना जरा.”

हाताखालचा खांदा तसाच वर-खाली होत होता. एकाच लयीत. इतक्या आवाजाने कोणी पण दचकलं असतं. ती दचकली नाही. मला वाटतं, तेवढ्यानेच माझ्या अंगावर काटा आला, बाकी सगळं नंतर डोक्यात शिरलं. मी हात उचलला. हळू... जसं झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून उचलतो तसा. पलंगावरून उतरलो आणि भिंत चाचपत, तिच्याकडे पाठ न करता, दारापर्यंत गेलो. लाईटचं बटण हाताशी होतं. नाही लावला. लावायची हिंमत नव्हती, हे कबूल करतो.

स्वयंपाकघरात मंगल जमिनीवर बसली होती. लोणच्याची बरणी फुटलेली, तळपायातून रक्त येत होतं, आई पदराने दाबून धरत होती. मी मंगलच्या दोन्ही खांद्यांना धरलं. नुसतं धरून बसलो.

“तुम्ही एवढे का घाबरलात?” ती म्हणाली. “जास्त नाही लागलं.”

“कापूस आण रे,” आई म्हणाली. “कपाटात आहे.”

कपाट आमच्या खोलीत. मी आईला म्हणू शकलो असतो की तू जा. पण काय सांगून पाठवणार? गेलो. दारातूनच हात आत घालून लाईट लावला.

पलंगावर कोणी नव्हतं. पांघरूण माझ्याच हाताने ओढल्यासारखं वरपर्यंत होतं आणि त्याखाली चादरीला माणूस झोपून उठल्यावर असतो तसा खोलगटपणा. मी कापूस काढला. मग, का कोण जाणे, भिंतीकडच्या उशीवर तळहात ठेवला. गरम होती.

मंगलला विचारलं, किती वेळची बसली आहेस? ती म्हणाली, एक वाजल्यापासून. आई म्हणाली, बारा-सव्वाबारापासून ती पण जागीच होती, मंगल तिच्यासमोरून किचनमध्ये गेली, ती परत खोलीकडे आली नाही.

चार दिवस मी कोणाला काही बोललो नाही. रात्री खुर्चीत बसायचो, सांगायचो की पेपर काढायचे आहेत. शाळेत फळ्यावर उदाहरण मांडायचो आणि मध्येच थांबायचो. पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही राजघाटावर फिरायला गेलो होतो. मंगलच्या पायाला पट्टी, म्हणून पायऱ्यांवर बसलो. तापीला पाणी कमी होतं. तिथे मी तिला सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं ती घाबरेल. ती ऐकत होती, आणि मग एकदम रडायलाच लागली. हुंदके देऊन. बाजूच्या बाया वळून बघायला लागल्या.

“अगं, घाबरू नको...”

“घाबरत नाहीये मी,” ती म्हणाली. “म्हणजे मी जागीच होते ना? खरंच जागी होते ना मी?”

“हो.”

“मला तर वाटायला लागलं होतं की माझं डोकं गेलं. मी किचनमध्ये बसून स्वतःला चिमटे घ्यायची, माहिती आहे तुम्हाला? की मी इथे आहे की तिथे झोपली आहे...” तिने ब्लाऊजची बाही वर केली. दंडावर काळे-निळे डाग. जुने, नवे, कितीतरी. मी रोज बाजूला झोपत होतो आणि मला ते दिसले नव्हते.

त्या रात्रीपासून आम्ही मधल्या खोलीत गाद्या टाकल्या. आई कॉटवर, आम्ही खाली. मी तूप आणलं, काशाची वाटी आणली आणि मंगलच्या तळपायाला घासायला बसलो, जखम चुकवून. मला येत नव्हतं. आई वरून सांगायची, “जोर नको लावू, गोल फिरव. टाचेकडून.” वाटी काळी पडत गेली. अर्ध्या-पाऊण तासाने मंगलचा पाय माझ्या हातात जड झाला. ती झोपली होती.

मी नाकाशी बोट धरलं. “मंगल,” म्हटलं. उत्तर नाही. जोरात हलवलं. “मंगल!”

“अहो, झोपू द्या ना!” ती खेकसली.

आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नाही मी.

ती सकाळी आठपर्यंत झोपली. हळूहळू बसलीच झोप. आता जायफळ नाही, काही नाही. ती खोली आम्ही रिकामी केली. पलंग विकला नाही, कोणाला देववला नाही, खोलून माळ्यावर टाकला. डॉक्टरांना मी एकट्याने जाऊन सांगितलं. ते म्हणाले, पत्नीच्या काळजीने तुमचीच झोप उडाली असणार, अर्धवट झोपेत भास होतात. असेल. मी बऱ्याचदा स्वतःला तेच समजावतो. एका रात्रीपुरतं ते पटतं पण. चार महिन्यांचं काय करायचं?

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती डॉक्टरांना सांगितली नाही.

गेल्या महिन्यात सकाळी आम्ही तिघं चहा घेताना विषय निघाला. मंगल सहज म्हणाली, “त्या दिवशी आईंसमोर नाटकं म्हणालात ना, ते फार लागलं होतं मला.”

मी म्हणालो, “पण त्याच रात्री मी माफी मागितली होती तुझी.”

“कधी?”

“झोपताना. म्हणजे... मध्यरात्री जाग आली तेव्हा. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी म्हटलं, चुकलं माझं, मी असं बोलायला नको होतं.”

मंगलने कप खाली ठेवला. “मी त्या रात्री खोलीत आलीच नाही. आईंजवळ बसली होती सकाळपर्यंत.”

मी तिथेच, आईसमोर, पुन्हा माफी मागितली. यावेळी तिचा चेहरा बघून. तिने माझ्या हातावर हात ठेवला फक्त.

पण पहिली माफी मागितली त्या रात्री मला उत्तर मिळालं होतं. मंगलच्याच आवाजात, अगदी हळू. “राहू द्या हो,” ती म्हणाली होती, “झोपा आता.” आणि मी निश्चिंत होऊन झोपलो होतो.

मला क्षमा कोणी केली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.