आगपेटीच्या दोन काड्या

नाशिककरांनो, थंडी कडाक्याची आहे, मान्य. पण माझ्यासारखं करू नका.

आमच्या पाणी तापवायच्या रॉडचा प्लग तुटलाय. मी अर्थिंगची वायर तशीच सोडून बाकीच्या दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून आगपेटीच्या दोन काड्या खोचल्या होत्या. महिनाभर "चालतंय की" म्हणत होते.

आज सकाळी कामाला येणाऱ्या सुमनमावशींनी पाणी तापलं का बघायला बादलीत बोट घातलं आणि किंचाळून मागे पडल्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या.

येताना रिक्षात मावशीच म्हणाल्या, "ताई, चुकलं माझं. आधी विचारायला पाहिजे होतं."

मी रिक्षाचे पैसे दिले. घरी आल्यावर आधी त्या काड्या फेकल्या.

तुम्हा सगळ्यांना सांगून झालं. आता मावशींना कुठल्या तोंडानं सांगू?