भावाच्या खात्यावर

व्हिडिओ गेमच्या कन्सोलचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन वसूल होतं का, असं माझ्या बायकोने दसऱ्याच्या आदल्या रविवारी विचारलं.

"महिन्यातून बसतोस किती वेळा? दोनदा. त्यातला अर्धा वेळ अपडेट होतंय म्हणून ताटकळतोस," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. अंधेरीच्या एमआयडीसीत सहा दिवस स्क्रीनकडे डोळे फोडून सातव्या दिवशी दहिसरच्या घरात आणखी एका स्क्रीनसमोर बसायचं, ह्यात आता हौस फारशी उरलेली नाही. कुठली तरी पोरं समोर येतात, दहा मिनिटांत चार गोल मारतात आणि निघून जातात. पूर्वी मी चिडायचो. हल्ली चिडायचाही कंटाळा येतो, मान तेवढी दुखते.

पण ते सबस्क्रिप्शन माझं नव्हतंच, माझ्या धाकट्या भावाचं होतं. तो मुलुंडला राहतो. त्याने नवा कन्सोल घेतला तेव्हा जुना मला दिला, आणि स्वतःचं खातं माझ्याकडच्या कन्सोलवर तसंच ठेवलं. त्यामुळे त्याने एकदा पैसे भरले की दोन्ही घरांत ऑनलाइन चालायचं. आमच्याकडे सगळंच असं चालतं. सिनेमांच्या ॲपचा पासवर्ड मेहुणीचा, क्रिकेटचा साडूचा. दोन घरांत एक असताना दुसरं कशाला, असा साधा विचार.

दर रविवारी सकाळी मासळी आणून झाली की आम्ही दोघं ऑनलाइन फुटबॉल खेळायचो. दहिसरहून मुलुंडला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, तेवढा आमच्यापैकी कोणाकडेच नसायचा. कानाला हेडफोन लावून खेळता खेळता घरातलं बोलणं व्हायचं. आईच्या गुडघ्याचं काय, गावच्या घराची कौलं कोण बघणार, असलं. आई माझ्याकडेच असते. ती मागून मालवणीत विचारायची, "भाव काय म्हणता रे तुझो?" आणि मी गोल खाल्ला की तिला कळायचं नाही की मी शिवी कोणाला दिली.

मग बाबांचं वर्षश्राद्ध आलं. तिथी बुधवारी येत होती. मला रजा मिळेना, म्हणजे खरं सांगायचं तर मी मागितलीच नाही. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले अडचण असेल तर रविवारी करू. मी करून मोकळा झालो. भावाला विचारलं नाही, नुसता मेसेज टाकला. त्याने बुधवारची रजा आधीच काढून ठेवली होती. रविवारी तो आला, जेवला आणि हात धुताना सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "दादा, बाबांपेक्षा तुझं ऑफिस मोठं झालं का रे?" मी म्हटलं, "तुला एवढं वाटत होतं तर तुझ्याकडे करायचंस." तेव्हापासून आमचा अबोला. त्याला दोन वर्षं व्हायला आली. आईला भेटायला तो येतो, पण मी ऑफिसात असताना.

सबस्क्रिप्शन मात्र चालूच राहिलं. मागच्या वर्षी मुदत संपली तेव्हा आता बंद पडणार म्हणून मी वाट बघितली. पडलं नाही. बँकेतून आपोआप कापले गेले असतील, असं मी धरून चाललो. खेळायला बसलो की यादीत आधी त्याचं नाव बघायचो. सुरुवातीला कधीकधी नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा, म्हणजे तो तिकडे बसलाय. एकमेकांना बोलवायचो नाही, पण ठिपका दिसला की मला बरं वाटायचं. गेल्या दिवाळीनंतर ठिपका कायमचा गेला. मी दिसू नये म्हणून ह्याने स्वतःला लपवून ठेवलंय, असं माझ्या मनाने घेतलं आणि ते मला फार लागलं.

ठिपक्याचं हे बायकोला सांगितलं नाही. ती म्हणाली, "स्वतःचं घे नाहीतर बंद कर. बोलत नाही त्याच्या जिवावर खेळायचं, हे मला नाही पटत."

मुदत पुन्हा संपत आली होती. ह्या खेपेला तो मला तोडणार, ही माझी खात्री. त्याने तोडण्याआधी आपणच वेगळं व्हावं, म्हणून मी त्याच दुपारी स्वतःच्या नावाने वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि त्याचं खातं माझ्या कन्सोलवरून काढून टाकलं. काढण्याआधी त्याच्या खात्यात जाऊन मुदतीची तारीख बघता आली असती. दोन बटणांचं काम. पण दुसऱ्याचं कपाट उघडल्यासारखं वाटलं, म्हणून नाही बघितली. आमच्या घरात चूल वेगळी करताना निदान चार माणसं बसून बोलायची. मी सोफ्यावर बसून एकट्याने केली.

अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला. खातं काढल्याचा ईमेल त्याला गेला असणार.

"काढलंस का? मी परवाच वर्षाचं भरलं होतं."

मी लिहिलं, "ते तुला खेळायला लागेल ना."

"माझा कन्सोल दिवाळीपासून बंद पडलाय. दुरुस्त नाही केला. तुझं चालू राहावं म्हणून भरलं."

मी तो मेसेज चारपाच वेळा वाचला. मला माझी लाज वाटली, आणि त्याहून जास्त थकल्यासारखं झालं. दोन वर्षं मी एक राग सांभाळत बसलो होतो आणि तिकडे हा माणूस माझ्या खेळण्याचे पैसे भरत होता. त्याचं खातं परत जोडायचं तर पासवर्ड लागणार होता, आणि तो त्याच्याकडेच होता.

मी फोन लावला. त्याने लगेच उचलला. "पासवर्ड हवाय का?" एवढंच म्हणाला. आवाज माझ्यासारखाच दमलेला.

"नको," मी म्हटलं. "श्राद्ध तिथीलाच करायला हवं होतं रे. मी रजा मागितलीच नव्हती."

मागे त्याच्या घरातला मिक्सर सुरू होऊन थांबला.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. मग म्हणाला, "आई जागी आहे का? दे तिला. आणि फोन ठेवू नकोस, नंतर तू बोल."