बॅगांची तपासणी

सातपूरच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं पंपांची गळती तपासतोय. पंपात पाणी भरायचं, दाब द्यायचा, बाहेर थेंब दिसला की पंप बाद. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू तपासायचा परवाना आपल्याला मिळालाय, असा माझा समज आहे. बाजारात मी एकेक टोमॅटो उजेडात धरून बघतो, म्हणून घरची भाजी आणायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय.

चाळिशीनंतर मला सायकलवर तंबू बांधून भटकायचा नाद लागला. बारा वर्षं एकटाच जायचो. परत आलो की फोटो दाखवायचो. साधना, माझी बायको, "छान" म्हणायची आणि कुकर लावायला उठायची. या ऑगस्टमध्ये मात्र ती स्वतःहून सोबत यायला तयार झाली. तिला आवडलं, तर पुढचं आयुष्य दोघांनी फिरायचं. भिजून कुडकुडली, तर पुन्हा नाव काढायची सोय नव्हती. मला धास्तीच बसली.

तीन आठवडे डोकं खाजवून मी कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या चार बॅगा निवडल्या. बाथरूममध्ये टांगून त्यांच्यात निम्म्याच्या वर पाणी भरलं. दिवसभर आमच्या इंदिरानगरच्या घरात कुणाची आंघोळ झाली नाही. संध्याकाळी खालची फरशी कोरडी ठणठणीत!

"अहो, बाहेर येत नाही हे कळलं. आत जातं का?" साधनाने विचारलं.

"जे बाहेर येत नाही, ते आत कसं जाईल?" मी म्हणालो. वर हसलोही.

सुरगाण्याच्या अलीकडे, चढावर, पावसाने आम्हाला झोडपून काढलं. माझ्या महागड्या रेनकोटात तर मी घामानेच भिजलो होतो. नवसाबाई नावाच्या एका म्हातारीने पडवीत घेतलं. मी बॅग उघडली. वरच्या चेनमधून आत शिरलेलं पाणी इमानाने आतच राहिलं होतं. त्यात अंथरूण, कपडे, चपात्या, सगळं पोहत होतं.

नवसाबाईने वाकून पाहिलं. "ही पिशवी हाय का हंडा?"

मला साधनाकडे बघवेना. बारा वर्षांनी ती आली आणि मी माती खाल्ली. रडूच कोसळायचं बाकी होतं.

साधनाने तिची बॅग उपडी केली. भसकन पाणी आलं, मागोमाग गाठी मारलेल्या किराण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या. एकीत तिचे कपडे, दुसरीत चादर, तिसरीत माझा पायजमा आणि स्वेटर.

"माझ्यावर भरवसा नव्हता?"

"चोवीस वर्षं ओळखते तुम्हाला."

कपडे बदलून ती चुलीपाशी बसली. हातात कोरा चहा, नजर समोरच्या भातखाचरांवर. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "उद्या सकाळी घरी परतू या."

"का? मी कोरडी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला जायचं तर जा. मी पुढे जाणार."