एकतीस नंबरची कडी

वसईतल्या होळी गावच्या पॉलिन तुस्कानो मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी गावात आम्ही सगळे त्यांना टीचरच म्हणतो. घरामागच्या केळीच्या वाडीत त्यांनी मोठा जाळीचा पिंजरा बांधून घेतला होता आणि त्यात चाळीसेक बजरी पाळले होते. बजरी म्हणजे ते हिरवे, निळे, पिवळे छोटे पोपट. लोक त्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात, आणि टीचर प्रत्येकाला थांबवून चूक सुधारायच्या.

पक्ष्यांसाठी राळा आणायला त्या तुळिंजला जितेशच्या पक्ष्यांच्या दुकानात जात. एकदा तिथे खोक्यात पिल्लं दिसली. पंखांखाली अजून पिसंही नव्हती.

"ही दाणे टिपत नाहीत रे अजून. मरतील."

"गिऱ्हाईकाला छोटंच पाहिजे, टीचर. हाताळलेलं, माणसाळलेलं," जितेश म्हणाला. "आणि मी कुठे पैदास करतो? तुमच्याच गावांतून येतात."

हे खरं होतं. पुढच्या महिन्याभरात त्यांनी वसईतल्या बावीस पक्षीपालकांना एकत्र आणलं आणि मंडळ काढलं. नियम दोनच होते. प्रत्येक पिल्लाच्या पायात पाळणाऱ्याचा आणि पिल्लाचा नंबर असलेली कडी घालायची, आणि सहा आठवडे होईपर्यंत पिल्लू घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. तपासणीसाठी मात्र त्यांना बाहेरचं माणूस हवं होतं. यावरून मंडळातलेच त्यांचे जुने मित्र लेस्ली बिथरले.

"आपण काय चोर आहोत? आपलं आपण बघू."

"पोरांना स्वतःचे पेपर तपासायला दिले तर सगळेच पास होतात, लेस्ली."

तुळिंजला राहणाऱ्या उन्नती सावंतने जितेशकडूनच पिल्लू घेतलं होतं आणि ते पाचव्या दिवशी गेलं होतं. टीचरनी तपासणीचं काम तिलाच दिलं.

आठ महिन्यांनी उन्नती टीचरच्या घरी आली. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी तिने मोबाइल पुढे केला. तिच्याच सोसायटीत मेलेल्या एका पिल्लाचा फोटो होता. पायात कडी होती, टीचरचा नंबर एक आणि पिल्लाचा एकतीस.

टीचरनी पिल्लांच्या नोंदींची वही उघडली. पिल्लू घर सोडून गेलं तेव्हा अठ्ठावीस दिवसांचं होतं. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा तो आठवडा. घरी भरवायला कुणी नव्हतं म्हणून चार पिल्लं त्यांनी जितेशकडे ठेवली होती. "दोन आठवडे भरव, मग वीक," असं बजावलंही होतं. त्याने तिसऱ्या दिवशीच विकली.

"मग चूक त्याची आहे," उन्नती म्हणाली.

"घराबाहेर मी दिलं."

लेस्लींना कळलं तसे ते लगेच आले. "वहीतली तारीख बदल. कोण बघायला येणार आहे? मंडळाचं नाव जाईल."

टीचरनी तारीख बदलली नाही. सभेत त्यांनी स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच वाचून दाखवली. मग निर्णय बाकीच्यांवर सोडून त्या बाहेर पडवीत जाऊन बसल्या. आत तासभर वाद चालला. एक वर्ष पैदास बंद, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पिंजऱ्यातली मडकी उतरवली. मडकं नसलं की बजरी अंडी घालत नाही. पक्षी दोनतीन दिवस रिकाम्या तारांभोवती घिरट्या घालत होते. ते बघवत नव्हतं, असं त्या मला म्हणाल्या.

लेस्ली आणि आणखी सहा जण मंडळ सोडून गेले. "टीचरलाच सोडलं नाही, तर आपलं काय," असं त्यांचं म्हणणं. पण त्याच महिन्यात उरलेल्यांपैकी तिघांनी आपणहून सांगितलं, की त्यांच्याकडूनही कोवळी पिल्लं गेली होती. जितेश आता कडीवाली पिल्लं वेगळी ठेवतो, कारण गिऱ्हाईक विचारायला लागलंय. बिनकडीची पिल्लंही त्याच्याकडे असतात. मंडळ त्याला थांबवू शकत नाही आणि टीचर तसा दावाही करत नाहीत.

उन्नती दर महिन्याला होळीला येते, पक्षी मोजते, वहीवर टीचरची सही घेते. तपासणी संपेपर्यंत टीचर तिला चहासुद्धा विचारत नाहीत.