पन्नास वेळा लिहायची प्रार्थना

“प्रार्थना शिक्षा म्हणून दिली, की पोरं देवालाच टाळायला लागतात,” बाई एकदा म्हणाल्या होत्या. त्या धार्मिक शाळेत दुसरीचा वर्ग सत्तावीस वर्षं त्यांच्याकडे होता. गोंगाट वाढला की त्या आपला आवाज खाली आणत. पोरं कान टवकारून गप्प होत.

नवे मुख्याध्यापक वर्गात आले आणि त्यांनी एका बडबड्या मुलीला प्रार्थना पन्नास वेळा लिहायला सांगितली.

“सर, तिला ती तोंडपाठ आहे,” बाई म्हणाल्या.

“शिस्त नाही ना पाठ! फार लाडावून ठेवलंय तुम्ही. लिहून घ्या, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंना देतो.”

मुलगी पेन्सिलीला टोक करू लागली. बाईंनी तिची वही मिटून दप्तरात ठेवली, हजेरीपट सरांच्या हातात दिला आणि त्या वर्गाबाहेर पडल्या.