खाडीची ओटी

भाईंदर पूर्वेतल्या नवघरच्या शिवदास गावंडला सरकारने कशासाठी पगार चालू केला आहे, हे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. शेती नाही, मीठ नाही, मासळी नाही, तलाठ्याचे दप्तरही नाही. त्याच्या आईला, रुक्मिणीबाईला, कुणी विचारले तर ती मीठ ओढायची फळी बाजूला टेकवून ऐटीत सांगे, "माजा पोऱ्या मुंबैला कचेरीत हाय. लोकं त्याला आपल्या डोक्यातलं दाखवतात, आन् तो सांगतो, नवीन हाय का जुनं."

याहून नेमकी व्याख्या खुद्द पेटंटच्या कचेरीलाही जमली नसती.

साल होते पंच्याहत्तर. पेटंटचा नवा कायदा लागू होऊन थोडीच वर्षे झाली होती. औषधावर आता कुणाला मक्ता मिळत नसे. मिळे तो औषध तयार करण्याच्या पद्धतीवर, आणि तोही मोजक्या वर्षांपुरता. ती पद्धत नवी तर हवीच, पण त्या विद्येतल्या माणसाला सहज सुचेल अशी नको. सहज सुचणारी असेल तर तो शोध कसला? रसायनशास्त्र शिकलेला शिवदास दिवसभर हेच तपासत बसे. हळूहळू ते काम त्याच्या अंगात मुरले. काकूने लोणच्याची फोड पुढे केली तर तो चाखून म्हणे, "छान आहे, पण मेथी भाजून घालणं कुणालाही सुचलं असतं." मुलगी बघायला गेला तर कांदेपोह्यांवर मनातल्या मनात शेरा मारी. चार ठिकाणी असे झाल्यावर त्याचा चुलतभाऊ राघो म्हणाला, "शिवा, बायको पन पेटंटवाली लागंल तुला. जगात एकच नग असलेली."

शिवदास यावरही विचार करू लागला, तेव्हा राघोने कपाळाला हात लावला.

आणि मग ते औषधाचे प्रकरण आले.

अंधेरीच्या एका गाळ्यात चालणाऱ्या लहानशा कंपनीने अर्ज केला होता. त्यांचे औषध दाणेदार होऊन बाहेर यायला हवे, पण ते गुळाच्या पाकासारखे भांड्याला चिकटून बसे. अशा वेळी रसायनवाले द्रावणात तयार औषधाचे चार दाणे टाकतात. त्यांच्याभोवती बाकीचे दाणे धरतात. दुधाला विरजण लावावे तसेच हे. कंपनीच्या प्रयोगशाळेतली बाई ताजे, कोरडे दाणे टाकून टाकून थकली होती. एका पावसाळ्यात एका बाटलीचे झाकण सैल राहिले, आतल्या दाण्यांनी ओल प्यायली आणि त्यांची घडणच बदलली. दुसऱ्या कुणी ती बाटली मोरीत ओतली असती. हिने त्यातली चिमूट द्रावणात टाकली, आणि भांड्यात तांदळासारखे खडखडीत दाणे उतरले.

या अर्जावर एका बड्या कंपनीने हरकत घेतली. म्हणणे एवढेच, की यात शोध काहीच नाही. दोन्ही बाजू ऐकून घेण्याआधी साहेबांनी शिवदासला अभिप्राय लिहायला सांगितले.

शिवदासने अर्ज वाचला आणि त्याला हसूच फुटले. जुना दाणा टाकायचा? अरे, हे तर आमच्याकडे पणजोबांपासून चालते! दरवर्षी मिठाच्या वाफ्यात पाणी घेताना त्याची आई गेल्या साली राखून ठेवलेल्या मिठाची मूठ आधी त्यात टाकी. त्याने झोकात लिहून टाकले, की भाईंदरच्या मिठागरांत ही रीत पूर्वापार आहे, सबब अर्जदाराची कल्पना सहज सुचण्यासारखी आहे.

सुनावणीला अंधेरीच्या कंपनीचा वकील आला, आणि त्याच्याबरोबर ती बाईही आली. दुर्गा मांडवकर. मूळची रत्नागिरीची, राहणारी भाईंदर पश्चिमेची. बाजारात तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. वकिलाने सुरुवातीलाच सांगितले, की मालकाने निर्वाणीचे बजावले आहे: हक्क मिळाला तर प्रयोगशाळा राहील, नाहीतर तिथे पॅकिंगची टेबले लागतील. बड्या कंपनीचा वकील म्हणाला, विरजण घातल्यावर दही लागते, त्यात शोध कसला? मग साहेबांनी शिवदासचा अभिप्राय वाचून दाखवला. तो संपतो न संपतो तोच दुर्गा उभी राहिली. तिच्या वकिलाने डोळ्यांनी खुणावले, ते तिला दिसले नाही, किंवा दिसूनही दिसले नाही.

"एक विचारू का? वाफ्यात हे मीठ टाकतं कोण?"

"माझी आई," शिवदास म्हणाला.

"कशासाठी टाकतात?"

"अर्थातच दाणा चांगला धरावा म्हणून."

"असं त्या म्हणाल्या?"

"लहानपणापासून बघतोय मी."

"मीपण लहानपणापासून बघतेय. आमचे बाबा दसऱ्याला गिरणीपुढे नारळ फोडतात. म्हणून गिरणी नारळावर चालते, असं नाही मी कुठे लिहून दिलं."

साहेब हसले. दोन्ही वकील हसले. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. दुर्गा मात्र हसली नाही. ती शिवदासकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "कोडं सुटल्यावर सगळ्यांनाच सोपं वाटतं हो. मला ते सुटायच्या आधीचे दिवस आठवतात."

शिवदासला राग यायला हवा होता. त्याऐवजी खोलीतला पंखा त्याच्या डोक्यात फिरू लागला.

"गावंड," साहेब म्हणाले, "पुढच्या तारखेच्या आत आईंना विचारून या."

त्या संध्याकाळी शिवदास घराकडे निघाला, पण पाय त्याचे नव्हतेच. वाटेत राघोची म्हैस आडवी आली, तिला त्याने नमस्कार केला. जेवताना आमटीत भाताऐवजी ताक कालवले, आणि खाऊन टाकले. "बाधा झाली का रं काय?" रुक्मिणीबाईने विचारले. तो म्हणाला, "चव नवीन आहे." राघो घरभर सांगत सुटला, की शिवाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नवीन सापडले.

गंमत होती, तशी पंचाईतही होती. आपला अभिप्राय चुकला असेल तर बदलायला हवा. पण तो कशाने बदलणार? खऱ्या कारणाने, की दुर्गेच्या आवाजाने? आणि लोक काय म्हणतील या भीतीने तसाच ठेवला, तर एका माणसाच्या मेहनतीवर पाणी. आईला एक प्रश्न विचारायचा, एवढेच काम होते. पण विचारायला गेले की आपल्याला कुठले उत्तर हवे आहे, हे त्याच्या ध्यानात येई, आणि त्या हवेपणाचीच त्याला धास्ती वाटे. मग तो आईला विचारी, "आई, दळण आणायचंय का?" त्या आठवड्यात घरात इतके पीठ साठले, की रुक्मिणीबाईने शेजारी वाटले. दळण आणायला तो गेला मात्र नवघरच्याच गिरणीत. पश्चिमेची वाट त्याने स्वतःला बंद केली होती.

रविवारी तो मिठागरावर आईला हातभार लावायला गेला. ऊन चढले होते, वाफे आरशासारखे चमकत होते. आणि बांधावरून, चपला हातात घेऊन, निऱ्या सावरत दुर्गा येत होती.

शिवदासच्या हातातली फळी वाफ्यात पडली. "तुम्ही इथे यायचं नाही! तुम्ही पक्षकार आहात!"

"तुमच्याकडे कोण आलंय?" दुर्गा म्हणाली. "मी आईंकडे आलेय. तुम्ही विचारत नाही, तर मी विचारते."

"माझ्यासमोर विचारायचं नाही. नियमात बसत नाही."

"मग जा ना लांब!"

तो खरोखरच गेला. पलीकडच्या बांधावर पाठ करून उभा राहिला आणि दोन्ही कानांत बोटे घातली. खाडीवरचे बगळे त्याच्याकडे बघत होते.

"ह्याच्या कानात पानी गेलं का?" रुक्मिणीबाई म्हणाली. "तू कोन गो बाय?"

दुर्गेने नाव सांगितले, गिरणी सांगितली आणि विचारले, "मावशी, वाफ्यात पाणी घेताना तुम्ही जुनं मीठ टाकता ना? ते बी म्हणून टाकता का? दाणा मोठा यावा म्हणून?"

रुक्मिणीबाई मिठागरावर वाढलेली. चार वाफे पलीकडच्या माणसाशी बोलायची तिच्या गळ्याला सवय. तिचे उत्तर शिवदासच्या कानात बोटांतून, हातांतून, हाडांतून शिरले.

"बी? मिठाला कसलं बी? मीठ काय भात हाय? अगो, ती खाडीची ओटी हाय! खाडी आमची लेक. वरसाला माहेरी येते, आमाला देऊन जाते. मंग तिची ओटी नको भरायला? गेल्या सालचं तिचंच तिला मूठभर द्यायचं, वर हलद-कुंकू."

"आणि नाही टाकलं तर? मीठ कमी येतं?"

"शिवा पोटात होता त्या साली मी बालंतपनाला गेले, कोनी टाकलंच न्हाय. मीठ आलं तेवढंच, दाना पन तसाच. फकस्त सासूबाईनं मना वरीसभर आयकवलं."

पलीकडच्या बांधावर शिवदासने कानांतली बोटे काढली. त्याला एकदम दोन गोष्टी कळल्या: आपण सपशेल चुकलो, आणि आपल्याला त्याचा भयंकर आनंद झाला आहे. त्या आनंदात त्याचा पाय घसरला आणि तो वाफ्यात गुडघाभर रुतला. दुर्गा पहिल्यांदा हसली. हसू आवरेना म्हणून तिने चपला तोंडापुढे धरल्या.

"माजं मीठ!" रुक्मिणीबाई ओरडली.

सोमवारी साहेब यायच्या आधी शिवदास त्यांच्या खोलीबाहेर उभा होता.

"साहेब, माझा अभिप्राय चुकला. ती रीत दाणा धरण्यासाठी नाहीच. ते देवकार्य आहे. त्यावरून कुणाला काही सुचणार नाही. मला तो दाण्याचा उपाय वाटला, ते माझ्या रसायनशास्त्रामुळे. आधी उत्तर वाचलं आणि मग ते आमच्या वाफ्यात शोधलं मी. ही चूक मी दोन्ही पक्षांसमोर कबूल करीन. पण नवा अभिप्राय मी लिहू शकत नाही. फाइल दुसऱ्या कुणाला द्या."

"का?"

शिवदासने दाराकडे पाहिले, छताकडे पाहिले. "त्या बाई मला आवडतात."

साहेबांनी चष्मा पुसला. "गावंड, सुनावणीत तुम्ही पाण्याचा पेला समजून शाईची दौत तोंडाला लावत होतात. शिपायाने हात धरला म्हणून वाचलात."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं, स्वतःहून येऊन सांगता का बघू. आलात. बसा, चहा घ्या. कपातून घ्या."

फाइल गेली एका सहकाऱ्याकडे, ज्याने बायकोच्या चहालाही कधी बरे म्हटले नव्हते. त्याने तीन कपाटे पुस्तके उपसली. अभिप्राय आला तो त्याच्याच वळणाचा: तयार दाणा टाकून दुसरे दाणे धरवणे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर हक्क मिळणार नाही. पण सगळी पुस्तके सांगतात, की टाकायचा दाणा ताजा आणि कोरडा हवा. ओल पिऊन बदललेला दाणा मुद्दाम वापरावा, हे कुणी सुचवलेले नाही. तेवढ्यापुरता हक्क द्यावा. साहेबांनी ते मान्य केले. अंधेरीच्या गाळ्यात पॅकिंगची टेबले लागली नाहीत.

राघो धावत आला. "झालं ना? आता जा पश्चिमेला!"

"अजून नाही. बड्या कंपनीला हायकोर्टात अपील करता येतं. मुदत संपेपर्यंत प्रकरण जिवंत आहे."

"आन् तू मरशील तवर!"

शिवदास मेला नाही, पण वाळला. बाजारात दुर्गा दिसली की तो दुसऱ्या गल्लीत शिरे, मग ती गल्ली तबेल्यात का संपेना. दुर्गेला हे कळत नव्हते थोडेच! एकदा भाजीवाल्यापुढे दोघांची गाठ पडली. शिवदास कोबीत तोंड खुपसून उभा राहिला. दुर्गा मोठ्याने भाजीवाल्याला म्हणाली, "भैया, ये भिंडी कब तक ताजी रहेगी? महिने के आखरी इतवार तक?"

"अरे बहेन, दो दिन में काली पड जाएगी."

"मेरी नहीं पडेगी," असे म्हणून ती पिशवी हलवत निघून गेली. अपिलाची मुदत नेमकी त्याच रविवारी संपत होती. शिवदासने पाच कोबी घेतले. ते का, हे घरी त्याला सांगता आले नाही.

महिन्याचा तो रविवार आला आणि गेला. अपील झाले नाही. मंगळवारी संध्याकाळी शिवदास आईला घेऊन पश्चिमेला गेला. नवा इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि चेहरा पहिल्या परीक्षेला निघालेल्या मुलाचा. गिरणीच्या वरच्या खोलीचे दार दुर्गेनेच उघडले. तिच्या डोळ्यांत हसू होते, पण कपाळावर आठी होती.

"मुदत रविवारी संपली," ती म्हणाली. "आज मंगळवार. दोन दिवस काय करत होतात?"

"शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते," शिवदास घाम पुसत म्हणाला. "काल कोर्ट बंद होईपर्यंत अपील येऊ शकत होतं. आणि कोर्ट बंद झाल्यावर खात्री करून मी घरी पोचलो, तोवर आई झोपली होती."

दुर्गेला यावर काहीतरी खणखणीत बोलायचे होते. पण तोंडावर पदर घेऊन ती हसतच सुटली. खालून गिरणीचा पट्टा थांबल्याचा आवाज आला, आणि अंगभर पीठ घेऊन तिचे बाबा जिना चढू लागले.

"चांगला निवडलाय गो तू," रुक्मिणीबाई शिवदासला हाताने बाजूला सारत म्हणाली. "आता जरा सरक. जिना चढून माजे गुडगे बोलायला लागले. भांडन काय, बसून पन करता येतं."